एकच मूल असेल तर

बाणेरच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर,
मी पाणीपट्टीच्या हिशेबासाठी एक इवलीशी भाषा रचत होते.
भाषा कसली, तिचं व्याकरण.
व्याकरण दिलं की यंत्र स्वतःच एक वाचक घडवतं
आणि तो वाचक वाक्य गिळून झाड उभं करतो.
उलटं झाड. मूळ वर, पानं खाली.

पहिल्या चाचणीला मी त्याला नुसता सात दिला.
ना अधिक, ना गुणिले. सात.
त्यानं इमारतच बांधली:
'किंवा'खाली 'आणि', 'आणि'खाली तुलना,
तुलनेखाली बेरीज, बेरजेखाली गुणाकार, आणखी खाली, आणखी.
दर मजल्याला एकच दार, आत बिऱ्हाड नाही.
तळघरात एकटा सात, दिवा लावून बसलेला.

तस्नीम बागवान माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाली,
"अगं, अट घाल की.
एकापेक्षा जास्त मुलं असतील तरच नोड बांधायचा.
एकच असेल तर आईला वगळ,
मूल उचलून वर दे."

घातली. जेमतेम अर्धी ओळ.
इमारत भुईसपाट, सात मोकळ्या हवेत.
आम्ही खाली टपरीवर जाऊन दोन-दोन क्रीमरोल खाल्ले.

त्या रविवारी कोथरूडला सोसायटीची मीटिंग.
पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बिल्डरचा माणूस,
त्याच्या लॅपटॉपवर अकरा मजले आणि खोटी हिरवळ.
बारांपैकी अकरा सह्या झालेल्या.
नूलकर आईला म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता?
मुलीलाच विचारतो ना सरळ. एकुलती एक. शेवटी तिचंच सगळं."
आणि खरंच, आईच्या मांडीवरचा कागद उचलून
त्यांनी माझ्या हातात दिला.
मी पेन शोधायला पर्स उघडलीसुद्धा.

"जागा माझ्या नावावर आहे," आई म्हणाली. "मला विचारा."
त्यांनी विचारलं.
"नाही."

कारण दिलं नाही. स्वतःची खुर्ची उचलून भिंतीशी लावली
आणि कठडा धरून, एकेक पायरी, वर गेली.

मला राग आला. लिफ्ट मिळाली असती. तिचेच गुडघे.
चार दिवस आम्ही फक्त दुधाबद्दल बोललो.

गुरुवारी, म्हणजे पाणी बंद असतं नेमक्या त्याच दिवशी,
पाणीपट्टीची तक्रार आली.
धायरीच्या कुणा एका गृहस्थांची तीनशे चाळीसची सूट
थकबाकी म्हणून छापली गेली होती.
मी त्यांच्या बिलाचं झाड काढून बघितलं.
तीनशे चाळीस होते. धडधाकट. वर, ठळक.
उणे नव्हतं.

उणेलाही मूल एकच असतं.
माझ्या अटीनं त्यालाही रिकामा मजला समजून पाडलं होतं.

"मुलं मोजून भागणार नाही," तस्नीम म्हणाली.
"मग काय मोजू?"
"मोजूच नको. हिचं स्वतःचं काही चिन्ह आहे का, ते बघ."
आणि डबा उघडून शांतपणे जेवायला लागली.

मी जुन्या अटीपुढे एक 'किंवा' लिहिला.
किंवा स्वतःचं चिन्ह असेल तर.
चाचण्या हिरव्या झाल्या. सात मोकळाच राहिला,
तीनशे चाळीस पुन्हा त्याच्या आईखाली गेले.
क्रीमरोल खायला मात्र मी गेले नाही.

घरी आले तेव्हा आई ओट्याशी उभी,
नळाला कान लावल्यासारखी.
मी पर्स न काढताच विचारलं,
"तू नाही का म्हणालीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग नळाकडे.
नळ दोनदा खोकला, तिसऱ्यांदा तांबूस काहीतरी बोलला.
"विचारलंस होय," ती म्हणाली.
"बस. आधी बादल्या भरून घे, मग सांगते.
थोडं लांबेल."